‘प्रति’च्या पुढे काय लिहायचं?



दिवाळीपासून आजवर चौघीजणी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. एकीच्या सुनेला ऑफिसात साहेबाचा त्रास, एकीच्या सासूबाईंना सरकारी दवाखान्यात वाईट वागणूक, एकीची तक्रार पोलीस लिहूनच घेत नाहीत, आणि चौथी तर माझी सख्खी धाकटी बहीण. चौघींचं म्हणणं एकच: “मानवाधिकारवाल्यांकडे तक्रार टाकायची आहे, जरा चांगलंसं लिहून दे.” मी बी.कॉम. झालेली आणि माझं अक्षर बरं, एवढ्या भांडवलावर आमच्या भागात अर्ज लिहिणारी बाई म्हणून माझं नाव झालं आहे. लोणच्यापापडापेक्षा हल्ली अर्जांचीच मागणी जास्त!

मी प्रत्येकीला आधी चहा देते आणि सांगते, मजकुराचं नंतर बघू. आधी ‘प्रति’च्या पुढे कुणाचं नाव लिहायचं ते ठरवू. कारण अर्ज कितीही मुद्देसूद असला तरी चुकीच्या दारात पडला तर चार-सहा महिन्यांनी दोन ओळींचं पत्र येतं: सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तोवर खऱ्या दाराची मुदत उलटून गेलेली असते. चांगल्या शिकलेल्या घरांतही हे होताना मी पाहिलं आहे, म्हणून आज हा विषय.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या देशात ‘भेदभाव’ या नावाचा एकच मोठा कायदा नाही. राज्यघटनेत समानतेचा हक्क आहे, पण तक्रार घेऊन जायचं म्हटलं की वेगवेगळ्या वेळी झालेले वेगवेगळे कायदे पुढे येतात. बाईला कामाच्या जागी त्रास झाला तर एक, दिव्यांगाला डावललं तर दुसरा, जातीवरून अपमान झाला तर तिसरा. आपल्या आजीच्या वाकळेसारखं आहे हे. एकसंध कापड नाही, जुन्या लुगड्यांचे तुकडे टाके घालून जोडलेले. ऊब मिळते, पण आपल्या वाट्याला कुठला तुकडा आहे ते चाचपून बघावं लागतं.

चाचपताना दोनच प्रश्न विचारायचे. त्रास दिला कुणी? आणि कशावरून दिला?

मानवी हक्क आयोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, कारण पेपरात येतं. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने दिल्लीत राष्ट्रीय आयोग झाला आणि राज्यांचेही झाले. आपल्या महाराष्ट्राचा आयोग मुंबईत सीएसएमटी स्टेशनासमोर, हजारीमल सोमाणी मार्गावर आहे. पण हे दार आपल्याला वाटतं तेवढं रुंद नाही. तिथे मुख्यतः लोकसेवकाविरुद्ध तक्रार चालते, म्हणजे पोलीस, तुरुंग, सरकारी रुग्णालय, शासकीय वसतिगृह, तहसील कचेरी असं कुणीतरी. त्याने स्वतः हक्क तुडवला असेल, किंवा दुसरा कुणी तुडवत असताना थांबवण्यात हयगय केली असेल. ही ‘हयगय’ लक्षात ठेवा, ती फार कामाची आहे. खाजगी कंपनीचा मॅनेजर वाईट वागला तर आयोग काही करत नाही. पण तीच तक्रार पोलिसांकडे पुन्हापुन्हा नेऊनही त्यांनी ढिम्म हललं नाही, तर त्या न हलण्याची तक्रार आयोगाकडे होऊ शकते.

मुदत एक वर्षाची. घटना घडली त्या दिवसापासून वर्षाच्या आत. फी एक पैसाही नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. निनावी पत्र चालत नाही. जागाजमिनीचे दावे, नोकरीतल्या बढती-बदलीची भांडणं, आधीच कोर्टात असलेली प्रकरणं तिथे सहसा घेत नाहीत. आयोग अहवाल मागवतो, माणसांना बोलावू शकतो, चौकशी करतो आणि सरकारला भरपाईची किंवा कारवाईची शिफारस करतो. कुणाला तुरुंगात टाकणं हे त्याचं काम नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्या बायकांना वाटतं की एक पत्र गेलं की उद्या साहेबाच्या दारात गाडी उभी!

शेजारणीच्या सासूबाईंचं प्रकरण या दारात नीट बसलं. वय एक्याऐंशी. सरकारी रुग्णालयात दीड दिवस व्हरांड्यात जमिनीवर, आणि विचारायला गेलेल्या मुलाला हाकलून दिलेलं. रुग्णालय सरकारी, घटना तीन महिन्यांपूर्वीची, केसपेपर हाताशी. सरळ राज्य आयोगाला अर्ज लिहिला. हेच खाजगी दवाखान्यात पैसे भरून झालं असतं तर मी तिला जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाठवलं असतं, तिथे मुदत दोन वर्षांची असते. बाई तीच, हाल तेच, पण ‘प्रति’च्या पुढचं नाव वेगळं.

इथेच आणखी एक सांगते. लोकांना सवय असते, एक अर्ज लिहायचा आणि खाली मुख्यमंत्री, राष्ट्रपती, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग अशा दहा जणांना ‘प्रत माहितीसाठी’ रवाना करायची. वजन पडतं म्हणे. उलट होतं. राज्य आयोगाने प्रकरण हाती घेतलं असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात पडत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत आली तर तिला तक्रार मानतच नाहीत. एक दार, एक अर्ज.

आता माझ्या बहिणीचं. तिने आणि तिच्या मुलीने दोघींनी परवानगी दिली म्हणून लिहिते आहे.

भाची लहानपणापासून कमी ऐकते. दोन्ही कानांना यंत्र आहे. बी.कॉम. झाली, टॅली शिकली, हिशोबाला माझ्यापेक्षा पक्की. एका अनुदानित संस्थेच्या कार्यालयात लेखनिकाची जागा निघाली. लेखी परीक्षेत तिचा नंबर वर लागला. मुलाखतीला केस वर बांधून गेली, यंत्रं दिसली. समोरच्यांनी हिशोबाचं काही विचारलंच नाही. “फोन कसे घेणार?” एवढंच विचारलं. नंतर तिच्या खालच्या नंबरच्या मुलीला नेमणूक मिळाली.

पोरगी माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, “मावशी, हे बरोबर नाही. मला तक्रार करायची आहे.” मागोमाग बहीण आली ती मात्र डोळे पुसत. “अक्का, तू तिला समजाव. तक्रार केली की सगळीकडे नाव होणार. उद्या स्थळ बघायचं आहे.”

मैत्रिणींनो, हे आपल्या घराघरांतलं आहे. माझ्या बहिणीने गेली तीन वर्षं बायोडाटाला लावलेला मुलीचा फोटो केस मोकळे सोडलेला आहे. यंत्र दिसू नये म्हणून. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायलाही ती तयार नव्हती. सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत आपल्यातलं कुणी बघेल! म्हणजे गंमत बघा, तक्रार करायची तर आधी कागदावर कबूल करायला हवं की मुलीला कमी ऐकू येतं. तेच तर चोवीस वर्षं झाकलेलं.

बहिणीचा दुसरा मुद्दा धर्माचा. दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, वर्षातून एकदा आपण सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो. मग तक्रार कसली? सोडून द्यावं. हा मुद्दा मला इतर बायकांकडूनही इतक्यांदा ऐकावा लागतो, की त्यावर थोडं बोलतेच. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याने करायची असते. मुलीच्या वाटची क्षमा आईने परस्पर वाटून टाकायची नसते. दुसरं असं, आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला त्याग सांगितला तो संकल्पी हिंसेचा. अन्यायाचा प्रतिकार करताना घडते ती विरोधी, आणि गृहस्थाला तीही पूर्ण टाळता येत नाही हे शास्त्रानेच मानलं आहे. अर्ज तर हिंसाही नाही. मनात वैर न ठेवता अर्ज लिहिता येतो. किंबहुना तसाच लिहावा, तो जास्त चांगला उतरतो. मी बहिणीला एवढंच म्हटलं, की आपण त्या लोकांवर चिडायचं नाही, पण पोरीचा नंबर वर होता ही नोंद खोडू द्यायची नाही.

भाचीलाही वाटत होतं, मानवी हक्क आयोग. पण तिला डावललं ते दिव्यांग म्हणून, आणि त्यासाठी वेगळा कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यात कमी ऐकू येणं धरून एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सरकारी आस्थापनेने नोकरीत दिव्यांगाशी भेदभाव करायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे, आणि सरकारचं अनुदान घेणारी संस्थाही या कायद्यापुरती सरकारी आस्थापनाच धरतात. हे वाचलं आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण संस्थेचे लोक सांगत होते, आम्ही खाजगी आहोत. प्रत्येक सरकारी आस्थापनेत एक तक्रार निवारण अधिकारीही नेमलेला असायला हवा. आणि राज्यासाठी दिव्यांग आयुक्त असतात. आपल्या महाराष्ट्राचं दिव्यांग आयुक्तालय मुंबईत नाही, पुण्यात आहे.

पण त्याआधी पुराव्याचं. आम्हाला कॉलेजात एक सर सांगायचे, व्हाउचर नाही तर नोंद नाही. “फोन कसे घेणार?” हे तोंडी होतं. म्हणून भाचीने संस्थेला साधं, नम्र ईमेल लिहिलं: लेखी परीक्षेत माझा क्रमांक वर असताना निवड का झाली नाही ते कृपया कळवावं. त्यात राग नाही, आरोप नाही. आठ दिवसांनी उत्तर आलं की पदाचं स्वरूप पाहता उमेदवार योग्य आढळला नाही. त्या लोकांना वाटलं, किती सभ्य उत्तर दिलं. आम्हाला मात्र व्हाउचर मिळालं. गुणांची यादी माहिती अधिकारात मागवली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रमाणपत्र काढायला बहीण स्वतः मुलीबरोबर गेली. तिला तयार करायला मला पंधरा दिवस लागले, ते जाऊ दे. रांगेत खरोखरच आपल्यातल्या एक बाई भेटल्या, आपल्या नातवाला घेऊन आलेल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग तासभर बोलत बसल्या. घरी आल्यावर बहीण म्हणाली, “अक्का, त्यांच्याकडेही तेच गं.”

अर्ज दीड पानाचा झाला. पुण्याला दोनदा सुनावणीला जावं लागलं. सकाळच्या एस.टी.ने जायचं, बरोबर दशम्या आणि दाण्याची चटणी, परतीला सूर्यास्ताच्या आत कुठेतरी थांबून डबा संपवायचा. पहिल्या वेळी संस्थेकडून कुणी आलंच नाही. दुसऱ्या वेळी आले, आणि तिथे विचारणा झाली की फोनचं काम या पदाच्या जाहिरातीत कुठे लिहिलं आहे? लिहिलेलं नव्हतं. संस्थेने फेरविचार करू असं सांगितलं. त्या फेरविचाराचं पत्र यायला इतके दिवस लागले, की तोवर भाचीला दुसरीकडे नोकरी लागली होती. तिने ती सोडली नाही, आणि पहिली तक्रारही मागे घेतली नाही. बहिणीने विचारलं, आता कशाला? तर म्हणाली, “आई, पुढच्या वेळी दुसरी कुणी यंत्र लावून जाईल ना.” बायोडाटाचा फोटो मात्र अजून तोच आहे. त्यावर मायलेकींची बोलणी चालू आहेत.

सुनेचं प्रकरण मी अर्ध्या तासात मार्गी लावलं, कारण तिथे घड्याळ फार जोरात पळतं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ऑफिसातच अंतर्गत समिती हवी. सून काम करते तिथे सहा माणसं, आणि तक्रार खुद्द मालकाचीच. अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी केली की पत्ता लागतो. मुदत फक्त तीन महिने, शेवटच्या घटनेपासून. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. सासू म्हणत होती, मार्च अखेरचं काम संपू दे, मग बघू. मी कॅलेंडर काढून तिच्या हातात दिलं. मार्चअखेर होईपर्यंत तीन महिने होऊन गेले असते.

याच कायद्यात घरकाम करणाऱ्या बायकाही येतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणजे आपलं स्वयंपाकघर हेही कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. तक्रार नेहमी आपणच करणार आणि दुसऱ्याविरुद्धच करणार, असं धरून चालू नये. आमच्या इमारतीत मागे एक सूचना लागली, लिफ्ट फक्त सभासदांसाठी, कामवाल्यांनी जिना वापरावा. सभेत मी विचारलं की पाचव्या मजल्यावर दळणाचा डबा कोण चढवतं? सगळे हसले, सूचना निघाली. पण निघाली नसती तर त्या बाईने कुठे जायचं होतं? ती अनुसूचित जाती-जमातीतली असेल आणि जातीवरून अडवलं असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. नाहीतर तिच्यापुढे धड दार नाही. घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. सोसायटीची लिफ्ट नाही. वाकळेला तिथे भोक आहे.

घर भाड्याने देण्याघेण्याचंही तसंच. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मुभा दिली. आपल्यातल्या काहीजणी तो निकाल कौतुकाने सांगतात, कारण आपल्या सोसायट्यांतही तसा आग्रह असतो. शाकाहाराचा आग्रह मी समजू शकते, माझ्याही नाकाला वास सहन होत नाही. पण एखाद्याचं आडनाव ऐकूनच ‘घर दिलं गेलंय’ म्हणायचं, याला मी अहिंसा म्हणणार नाही. रागावलात तरी चालेल.

अल्पसंख्याक आयोगाबद्दल फार गैरसमज आहेत. २७ जानेवारी २०१४ ला केंद्र सरकारने आपल्या समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं. २०११ च्या जनगणनेत देशात आपण साडेचव्वेचाळीस लाख, त्यातले चौदा लाख महाराष्ट्रात. दिल्लीत राष्ट्रीय आयोग आहे, आपल्या राज्याचाही वेगळा आहे. अल्पसंख्याक म्हणून मिळणारे हक्क नाकारले, जैन म्हणून मुद्दाम डावललं, तर तिथे जरूर लिहावं. पण परवा एका मातोश्रींनी मला सांगितलं, मुलाच्या हॉस्टेलात कांदा-लसणाशिवायची भाजी देत नाहीत, आयोगाकडे तक्रार कर. मी म्हटलं, आधी मेसच्या मामांशी बोलून तर बघा! फोडणी घालण्याआधी एक वाटी बाजूला काढायची, एवढाच प्रश्न होता, आणि सुटलाही. गैरसोय आणि भेदभाव यांत फरक आहे. पण त्याच हॉस्टेलात इतर मुलांच्या उपासाची सोय करून आपल्या मुलाची चतुर्दशी तेवढी हसण्यावारी नेली असती, तर मी पेन उघडलं असतं.

पोलीस तक्रार घेत नाहीत तेव्हा आयोगाकडे धावण्याआधी दोन पायऱ्या आहेत. ठाण्यात नाही म्हणाले तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची, शहरात असाल तर आयुक्तालयाकडे. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही हे कायम आहे. घटना दुसऱ्या हद्दीत घडली म्हणून ठाण्याला हात झटकता येत नाहीत, आणि नोंदलेल्या एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आमच्या त्या वहिनींचं काम अधीक्षकांना गेलेल्या स्पीड पोस्टानेच झालं, आयोगाची गरजच पडली नाही.

एका गोष्टीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण जास्त लिहिलं तर माणसं ओळखू येतील. मुलीने बाहेर लग्न केलं म्हणून एका घराशी समाजाने संबंध तोडले. लग्नकार्याला बोलावणं बंद, कार्यक्रमांत वर्गणी घेणं बंद, मयताला चार खांदेकरी मिळेनात. महाराष्ट्रात याला कायद्याने गुन्हा म्हणतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ च्या जुलैपासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याला वाळीत टाकलं तो किंवा त्याच्या घरातला कुणीही पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतो. हा कायदा कुठल्या एका जातीपंचायतीसाठी केलेला नाही, सगळ्यांना लागू आहे. आपल्यालाही.

अर्ज कसा लिहायचा हे विचारतात म्हणून सांगते. पहिल्या परिच्छेदात मी कोण, राहते कुठे. मग तारखेवार काय घडलं ते, रोजकीर्द लिहितो तसं. साहेबाचं नाव माहीत नसेल तर पद लिहा. ‘अत्यंत निर्घृण’, ‘अमानुष’ असले शब्द गाळा, त्या जागी तारीख आणि वेळ घाला. शेवटी मला काय हवं आहे ते एका वाक्यात लिहा, चौकशी, भरपाई की नेमणूक. हे वाक्य बहुतेक अर्जांत नसतंच, नुसतं ‘न्याय मिळावा’ असतं. याच विषयावर दुसरीकडे तक्रार किंवा दावा आहे की नाही तेही लिहा. जोडायच्या त्या कागदांच्या झेरॉक्स, अस्सल कधीही द्यायचे नाहीत. हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. पोस्टाने पाठवलंत तर पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवा. आमच्याकडे पावत्या डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली सासूबाईंकडे अशी पद्धत होती, तसं नको.

आणि हे सगळं एकटीने झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे फुकट वकील मिळतो, आणि बाईच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. बंगल्यातल्या बाईलाही मिळतो. मी सांगितलं तेव्हा दोघींना खरंच वाटेना, नवऱ्याचं उत्पन्न विचारतील म्हणून घाबरत होत्या. विचारत नाहीत. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. जाताना आधार कार्ड आणि अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा.